ओटीचा नारळ आणि मागची बस

मागच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी मी चेन्नईच्या भर रस्त्यातून अनवाणी, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून आणि कमरेला नारळ बांधून धावले. याला सर्वस्वी माझी शिस्त जबाबदार आहे.

शिस्त हा माझा जुना आजार. पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, "जरा रोज चालत जा." आता एखादी बाई चालली असती. पण मी केंद्र सरकारच्या कार्यालयातली अधिकारी! मी मनगटावर बोलणारं घड्याळ बांधलं, इंटरनेटवरून तक्ता उतरवला आणि थेट हाफ मॅरेथॉनच्या तयारीला लागले. घरातलं तळण बंद झालं. वेस्ट मांबलममध्ये खिडकी उघडली की समोरच्या मेसमधून तुपातल्या पोंगलचा, म्हणजे मुगाच्या मऊ खिचडीचा, वास येतो, म्हणून आम्ही खिडकी लावून ओट्स खायला लागलो. नऊला दिवे बंद. माझं ब्रीदवाक्य एकच होतं: "मजा नंतर, आधी शेवटची रेषा!"

"आई, हे घर आहे की हॉस्टेल?" असं आमची कॉलेजातली मुक्ता विचारायची.

"हॉस्टेलात रविवारी बिर्याणी तरी असते," असं तिचा बाप म्हणायचा.

हा बाप, म्हणजे माझा नवरा शिरीष, रेल्वेत आहे. रोज मांबलमहून तांबरमला जातो आणि डब्यातल्या निम्म्या लोकांना नावानं ओळखतो. पळायला तोही यायचा, पण त्याचं पळणं म्हणजे पायी काढलेली सहल. वाटेत कुत्र्यांशी बोलायचं, अनोळखी म्हाताऱ्यांना "वणक्कम" घालायचा आणि फिल्टर कॉफीचा ठेला दिसला की तिथेच पळणं संपवायचं!

"अगं, पळणं ही चैन आहे," तो पितळी वाटीतली कॉफी फुंकत म्हणायचा. "तू तर परीक्षेला बसल्यासारखं तोंड करून पळतेस."

"परीक्षाच आहे! आणि मी मागच्या वर्षी नापास झालेय," मी म्हणायचे.

ते मात्र खरं होतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या शर्यतीत मी इतक्या शिस्तीत पळाले, इतक्या शिस्तीत पळाले, की सगळ्यांच्या मागे राहिले. अशा शर्यतीत सर्वांत शेवटी एक बस येते. ठरलेल्या वेळेत जे पोचणार नाहीत त्यांना ती उचलून घेते. (महापालिकेची एक गाडीही अशीच फिरते, पण ती कुत्र्यांसाठी.) बसच्या दारातला हसरा मुलगा म्हणाला, "आँटी, कम, एसी आहे!" आणि मला आत ओढून हातात केळं दिलं. खिडकीतून मी माझ्याच ऑफिसातली पोरं पळताना पाहिली. त्यांनीही मला पाहिलं. ते केळं मला आजतागायत पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी बसमध्ये बसावं लागलं तर पळणं कायमचं सोडीन!" रागाच्या भरात बोलून गेले. पण बोलले ते बोलले. आणि खरं सांगायचं तर पळणं मला मुळीच सोडायचं नव्हतं. कारण सकाळी अंधारात बूट बांधताना मला जे वाटतं, तसं मला दुसऱ्या कशानंच वाटत नाही. हे मी शिरीषला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "म्हणजे मजाच येते की!"

आता कमलाक्का. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला आले आणि तिथलेच झाले. त्यांचं मराठी जुनं, सूर तमिळ आणि माया दोन्हीकडची. त्यांच्या लेकीनं अड्यारला नवं घर घेतलं तेव्हापासून त्या मला बोलावत होत्या. वास्तुशांतीला बोलावलं, तेव्हा माझी लांब पळायची पाळी होती. नवरात्रात बाहुल्यांची आरास बघायला बोलावलं, तो माझा विश्रांतीचा दिवस होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा शर्यत चार दिवसांवर आली होती आणि मी तीळगूळसुद्धा हिशेबानं खात होते.

"कमलाक्का, शर्यत झाली की नक्की!" मी म्हणाले.

"सेरि, सेरि. बरें तर. तुज सवड नाहीं, मज सवड आहे," असं म्हणून त्या पोंगलच्या सणासाठी लेकीकडे राहायला गेल्या. हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं!

शर्यतीच्या दिवशी सुरुवात झकास झाली. समुद्राचा वारा होता, घड्याळ वेळेवर गुरगुरत होतं आणि कमरेच्या पट्ट्यात मी ताकदीच्या जेलच्या पुड्या ओळीनं खोचल्या होत्या. शिरीष "सोबत" म्हणून शेजारी होता. तो गाणी म्हणत होता. मी बोलत नव्हते, कारण बोलण्यानं श्वास वाया जातो असं तक्त्यात लिहिलं होतं.

"सूर्य बघ काय वर आलाय!" शिरीष म्हणाला.

मी घड्याळ बघितलं.

पण चेन्नईचा जानेवारी हा नावालाच जानेवारी. पाऊण अंतर संपेपर्यंत ऊन चढलं, दमटपणानं अंगाचा लगदा झाला आणि माझा वेग बैलगाडीवर आला. अड्यारच्या गल्ल्यांत वळताना मी मागे पाहिलं. लांब, अगदी टोकाला, पांढरी बस दिसली. तीच ती! दारात लोंबकळणारा एक मुलगापण दिसला.

"शिरीष, बस!"

"दमलीस? बसू या की," तो म्हणाला.

मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. जीव खाऊन वेग वाढवला, वळण घेतलं, आणि समोर रस्त्याचा अर्धा भाग व्यापून भलीमोठी रांगोळी! रांगोळीच्या मधोमध पाट. पाटाशेजारी काठापदराची साडी नेसलेल्या कमलाक्का, हातात ताम्हन घेऊन उभ्या.

"आली ग आली! नीलू, थांब!"

"कमलाक्का, नंतर येते! मागे बस आहे!"

"बस जाऊं दे चुलींत! पहिल्यानें दारीं आलीस. सवाशीण दारावरून रिकामी जाऊं नये."

"मी दारी नाही आलेय हो, रस्त्यानं चाललेय!"

"रस्ता कोणाच्या दारचा? माझ्या लेकीच्या ना?"

"पण मी इथून जाणार हे तुम्हाला सांगितलं कुणी?" मी विचारलं. शेजारी शिरीष एकदम खाली वाकला आणि बांधलेलीच नाडी पुन्हा बांधायला लागला.

तुम्ही म्हणाल, पळून जायचं होतं. सांगणं सोपं आहे! कराडात वाढलेल्या बाईपुढे ताम्हनातला नारळ आला की पाय आपोआप थांबतात. ओटीला नाही म्हणायचं नसतं. घड्याळाच्या आणि तक्त्याच्या कितीतरी आधीचं हे ट्रेनिंग!

"बूट काढ. बूट घालून ओटी घेतात कां?"

बूट काढले. मोजे काढले. मी पाटावर उभी राहिले आणि कमलाक्कांनी माझ्या सुजलेल्या पावलांना घोट्यापर्यंत ओली हळद फासली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. मग माझा हात धरून हिरव्या बांगड्या चढवायला लागल्या. डावा हात झाला, उजव्या हातात घड्याळ आडवं आलं. कमलाक्कांनी जोर लावला. बांगड्यांनी घड्याळाची सगळी बटणं एकदम दाबली, घड्याळ एकदा केविलवाणं किंचाळलं आणि बंद पडलं!

"अय्यय्यो, तें कां ओरडलें?"

"मेलं ते," शिरीष आनंदानं म्हणाला.

"आतां पदर पुढें कर."

मी माझ्याकडे पाहिलं. टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची घट्ट विजार. कमलाक्काही क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी माझ्या टी-शर्टचं पुढचं टोक, शर्यतीचा नंबर टाचलेला होता तेच, दोन्ही हातांनी पुढे ओढलं. "हा घे पदर!" आणि त्यात ओंजळीनं तांदूळ, हळकुंड, सुपारी, पिवळाधमक खण आणि वर हा एवढा नारळ! टी-शर्ट गुडघ्याशी आला.

बस वळणावर पोचली होती.

"दे इकडे, मी धरतो," शिरीष पुढे झाला.

"पुरुषानें ओटी धरूं नये!" कमलाक्का कडाडल्या. "तुम्ही बूट धरा, शिरीषराव."

शिरीषनं निमूटपणे बूट धरले. तेवढ्यात कमलाक्कांची नजर माझ्या पट्ट्यावर गेली. "हें काय औषध?" त्यांनी ताकदीच्या पुड्या भराभरा उपसून शिरीषच्या हाती दिल्या, सगळी ओटी खणात बांधली आणि ते गाठोडं माझ्या पट्ट्याला अशी गाठ मारून लटकवलं की ती सुटायला घरी सुरी लागली. मी नमस्काराला वाकले. वाकले ती वाकलेच! इतकं पळाल्यावर कंबर खाली जाते, वर येत नाही.

"अखंड सौभाग्यवती भव!" कमलाक्का म्हणाल्या. माझं अखंड सौभाग्य तेव्हा माझीच जेलची पुडी फोडून चाखत होतं. "लिंबाची आहे, बरी लागते," असं म्हणत त्यानं मला काखेत धरून सरळ केलं.

"आँटी, कम, कम!" बसच्या दारातून हाक आली.

ओल्या हळदीच्या पायांवर मोजे चढवायला वेळ कुठला? मी तशीच सुटले!

अनवाणी, टक टक टक. प्रत्येक पावलाला नारळ मांडीवर आपटायचा आणि बांगड्या किणकिणायच्या. वेळ किती झाली, वेग किती आहे, काही कळायला मार्ग नव्हता. डांबर तापलेलं होतं. शंभरेक पावलांतच मला रडू यायला लागलं. सगळं संपलं असंच वाटत होतं. वर्षभराची पहाट, वर्षभराचे ओट्स, सगळं एका नारळापायी!

पुढच्या कोपऱ्यावर मुरुगनचं, म्हणजे कार्तिकस्वामींचं, देऊळ होतं. बाहेर बायका पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या. तमिळ तई महिना चालू झालेला, म्हणजे मुरुगनला पायी नवस फेडायचे दिवस. त्यांनी मला येताना पाहिलं. पिवळं कापड, नारळ, हळदीचे पाय, कपाळभर कुंकू, डोळ्यांत पाणी!

"वेण्डुदला, मा?" एकीनं विचारलं. नवस आहे का?

एवढं तमिळ मला येतं. पण "नाही" म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि माझ्याकडे कारणापुरता श्वास नव्हता. "हो" म्हणायला नुसती मान पुरते. मी मान हलवली.

झालं! सपकन कळशीभर गार पाणी माझ्या भाजलेल्या पायांवर आलं. मग दुसरी कळशी. मग तिसरी. अहाहा! देवाशपथ सांगते, त्या पाण्यासारखं सुख मला आयुष्यात मिळालेलं नाही. कुणीतरी आलं घातलेल्या गुळाच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला. कुणीतरी केसांत मोगऱ्याचा गजरा खोचला. "अरोहरा!" एक म्हातारे आजोबा मुरुगनच्या नावानं ओरडले. "अरोहरा!" सगळ्या ओरडल्या, आणि मी जी सुटले!

पुढचं सगळं हाताबाहेर गेलं. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बातमी माझ्यापेक्षा जोरात पळत होती. लोक आधीच बादल्या घेऊन उभे! "वळि विडुंग! वाट सोडा!" चौकातल्या पोलिसानं शिट्टी मारून दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली आणि मला कडक सलाम ठोकला. मी बांगड्यांच्या हातानं सलाम परत केला. पुढे रेंगाळत चाललेले सात-आठ दमलेले जीव मी गाठले. त्यांनी पाहिलं की या बाईमागे रस्ता मोकळा आहे, पाणी फुकट आहे आणि टाळ्याही आहेत. सगळे माझ्यामागे लागले.

"आँटी, थांबू नका! प्लीज थांबू नका!" त्यातला एक गुबगुबीत पोरगा मराठीतच ओरडला. कुठल्याशा मोटार कंपनीत लागलेला सोलापूरचा निघाला.

"थांबते कशाला!" मी ओरडले. ओरडले! पळताना! श्वास वाया घालवत! आणि मग मीच जोरात "अरोहरा!" दिली. मागून आठ जणांनी साथ दिली. मी हसत होते. मोगरा नाकाशी, गूळ जिभेवर, पायाखाली गार पाणी, आणि समोर घरांच्या फटीतून समुद्र निळा दिसत होता. सकाळपासून त्याच्याच वाऱ्यात पळत होते, पण तो समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. किती अंतर उरलंय हे मला माहीत नव्हतं आणि संपूच नये असं वाटत होतं.

बस? बस चौकात अडकली होती. नवसाची बाई पुढे जाईपर्यंत पोलीस कुणालाच सोडत नव्हता. पण मला ते नंतर कळलं. मी तर माझ्या पायांनी पळत होते, आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या वेगानं!

शेवटच्या रेषेजवळ मुक्ता मोबाइल धरून उभी होती. कमानीवरच्या मोठ्या घड्याळात अजून थोडा वेळ शिल्लक होता, आणि कार्यकर्ते एकमेकांना "आता संपवू या" असं खुणावत होते. तेवढ्यात ढोल नसलेली ती मिरवणूक आली. सगळ्यात पुढे मी.

"आई?" मुक्ताचा मोबाइल खाली आला. "आई! तुझ्याकडे नारळ का आहे?"

मी उत्तर दिलं नाही. दोन्ही हात वर केले, बांगड्या खणखणल्या, आणि मी ती रेषा ओलांडली. वेळेत! माझ्यामागून ते आठही जण. सोलापूरच्या पोरानं तर माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि उठला तो कपाळाला हळद लावून. गळ्यात पदक पडलं तेव्हा मी रडले, आणि या वेळी मला रडण्याची अजिबात लाज वाटली नाही.

थोड्या वेळानं बस आली. दार उघडलं. पहिला उतरला शिरीष! एका हातात माझे बूट, दुसऱ्या हातात द्रोणभर गरम पोंगल.

"देवळात वाटत होते गं," तो म्हणाला. "नाही कसं म्हणणार? आणि बस खरंच एसी आहे."

मंगळवारी साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना जमवलं आणि मला "शिस्तीतून यश" या विषयावर बोलायला लावलं. मी बोलले! झोप, आहार, नाडीचे ठोके, तक्ता, सगळं सांगितलं. नारळाचा उल्लेख आवर्जून टाळला. टाळ्या पडल्या. मी खुर्चीकडे वळणार, एवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या विभागातली वसंता उठली.

"मॅडम, एक शंका. परवा देवळासमोर तुमच्या पायांवर पहिली कळशी ओतली ती माझ्या आईनं. ती दोन दिवस माझं डोकं खाते आहे. नवस फळला का?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"फळला," मी म्हणाले.

"कसला होता, मॅडम?"

शिस्तीवर एवढं बोलल्यावर खोटं कसं बोलणार? "बसमध्ये बसायला लागू नये म्हणून," मी सांगून टाकलं. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. वसंतानं तिथल्या तिथे आईला फोन लावला, काहीतरी ऐकलं आणि मला निरोप दिला: फळलेला नवस असाच दरवर्षी फेडायचा असतो, कळशी तयार आहे.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. शिरीष म्हणाला, "बघ! शेवटी मजा आली म्हणून जिंकलीस की नाही?"

मी कबूल केलं. शंभर टक्के कबूल केलं. मजेशिवाय पळण्यात अर्थ नाही, हे मला पटलं होतं. तेव्हा मी त्याच रात्री जुना तक्ता फाडला आणि फ्रिजवर नवा लावला. हल्ली आमच्याकडे रोज पहाटे साडेपाच ते सहा मजा असते. सर्वांनी वेळेवर हजर राहायचं. आणि न हसता पळणाऱ्याला नाश्ता मिळत नाही!